ग्रीसमधलं बिनगाड्यांचं बेट हायड्रा: एकटीने, निवांत

सांजवारा

ग्रीसला जाणारी आपली बहुतेक मंडळी सँटोरिनी-मिकोनोस करतात, आणि अथेन्समध्ये एखादा दिवस उरला तर ‘एका दिवसात तीन बेटं’वाली क्रूझ घेतात. त्यात एजिना, पोरोस आणि हायड्रा येतात. हायड्राच्या वाट्याला त्या धावपळीत जेमतेम दीड-दोन तास उरतात. हा धागा काढण्याचं कारण एवढंच, की कृपा करून हायड्रा असं पाहू नका. एक रात्र तरी राहा. एकटे असाल तर नक्कीच राहा.

हायड्रा (ग्रीक लोक ईद्रा म्हणतात) हे सारोनिक आखातातलं पन्नासेक चौरस किलोमीटरचं खडकाळ बेट. वस्ती दोनेक हजारांची, आणि जवळजवळ सगळी एकाच गावात. इथे मोटार नाही, मोटारसायकल नाही, सायकललाही बंदी आहे. पालिकेच्या कचऱ्याच्या, आगीच्या मोजक्या गाड्या आणि रुग्णवाहिका सोडल्या तर बाकी सगळं पायी, खेचरावरून किंवा होडीतून. अथेन्सच्या पिरेयस बंदरातून वेगवान बोटीने दीड ते दोन तास लागतात. विमानतळावरून येणारी मेट्रो ऑक्टोबर २०२२पासून थेट पिरेयसपर्यंत जाते, त्यामुळे बंदर गाठणं अगदी सोपं झालंय. बोटीचं तिकीट एका बाजूला चाळीस युरोच्या आसपास, म्हणजे स्वस्त नाही. राहायचं म्हणतेय त्याचं हेही एक कारण आहे.

आता दिवस कसा घालवला ते सांगते.

सकाळी साडेसातच्या सुमाराला बंदरावर जाऊन बसले. बंदर नालाच्या आकाराचं आहे आणि गाव त्याच्या तिन्ही बाजूंनी पायऱ्यापायऱ्यांनी वर चढत गेलंय. मेत्रिओ, म्हणजे मध्यम गोड ग्रीक कॉफी मागवली. कॉफीचा गाळ तळाशी बसेपर्यंत थांबावं लागतं, आणि त्या वेळात समोर जे चाललेलं असतं तेच हायड्राचं खरं दर्शन आहे असं मी म्हणेन. मालाचे पडाव लागलेले असतात. सिमेंटची पोती, पाण्याच्या बाटल्यांचे गठ्ठे, टोमॅटोचे क्रेट, गाद्या, एखादं वॉशिंग मशीन, असं सगळं धक्क्यावर उतरतं आणि खेचरांची रांग उभी असते. माझ्या टेबलापासून दहा पावलांवर एक खेचरवाले काका भार बांधत होते. लाकडी पालाण, त्याच्या एका अंगाला गॅसचं सिलिंडर, दुसऱ्या अंगाला टोमॅटोचे दोन क्रेट. दोर आवळला, तळहाताने दाबून पाहिलं, मग पलीकडे गेले, क्रेट वीतभर मागे सरकवला, पुन्हा दोर आवळला. खेचर जरासं हललं आणि त्यांनी परत सगळं सोडलं. तीनदा असं केल्यावर कुठे त्यांचं समाधान झालं. चढावर भार एका बाजूला गेला तर जनावराची पाठ सोलवटते, म्हणून ही काळजी. मग पहिल्याच्या पालाणाला दुसऱ्याचा दोर, दुसऱ्याच्या पालाणाला तिसऱ्याचा, आणि निघाली माळ वर. या गावातली प्रत्येक वीट, प्रत्येक फ्रिज असाच वर गेलेला आहे.

‘गाड्या नाहीत म्हणजे काय शांतता असेल!’ असं सगळे म्हणतात. शांतता तशी नसते. उलट आवाज भरपूर येतात, फक्त एकेक करून येतात. दगडावर वाजणारे नाल, बोटीचा भोंगा, वरच्या गल्लीतून कुणाला तरी मारलेली हाक, घड्याळाच्या मनोऱ्यातले टोले. हा मनोरा बंदरालगतच्या मठाचा. दुकानांच्या रांगेतून एक साधं दार आत जातं आणि एकदम संगमरवरी अंगण लागतं. दहा वाजायच्या आत गेलात तर आत मांजरांखेरीज कुणी नसतं.

नंतर पश्चिमेकडच्या किनारवाटेने कामिनीला गेले. बंदराच्या टोकाला जुन्या तोफा मांडलेल्या आहेत, तिथून वाट सुरू होते. रमतगमत वीसेक मिनिटं. डावीकडे डोंगर, उजवीकडे निळंगर्द पाणी. कामिनी म्हणजे कोळ्यांचा छोटासा धक्का, रंगीत होड्या आणि पाण्यालगतचं जेवण. तशीच वाट पुढे व्लिखोसपर्यंत जाते, तिथे एक जुना दगडी कमानीचा पूल आहे. ऊन चढलं होतं म्हणून व्लिखोसहून परतताना मी वॉटर टॅक्सी घेतली. एकट्याला ती महाग पडते, कारण भाडं माणशी नसून होडीमागे असतं. थांबून अजून दोघे-तिघे जमले तर वाटून घेता येतं.

दुपारी काहीही करू नका. दोन-अडीच ते पाच-साडेपाच गाव दारं लावून घेतं. तिथले लोक ही वेळ पाळतात, आपणही पाळावी. मी खोलीच्या खिडकीची लाकडी झडप ओढली आणि झोपले. प्रवासात दुपारची झोप घेणं म्हणजे पैसे वाया घालवणं, असं आपल्या मनावर बिंबलेलं असतं. एकट्याने फिरण्याचा मोठा फायदा असा, की कुणालाही काहीही सिद्ध करून दाखवायचं नसतं.

संध्याकाळी तोफांच्या खाली स्पिलिया म्हणून जागा आहे तिथे पोहले. वाळूचा किनारा हवा असेल तर हायड्राला येऊ नका, इथे खडक आणि खडकात बसवलेल्या शिड्या आहेत. पाणी उतरल्याबरोबर खोल. पायात रबरी चपला हव्यात, सी-अर्चिन या समुद्रजीवाचे काटे लागतात.

आणि मग शेवटची मोठी बोट गेली. क्रूझची माणसं तर दुपारीच गेलेली असतात. त्यानंतर बंदर स्थानिकांचं होतं: मुलं फुटबॉल खेळायला लागतात, आज्या खुर्च्या बाहेर काढतात. हे पाहायचं तर रात्री तिथे असायला हवं.

प्रश्न असतील तर विचारा, जमेल तसं उत्तर देते.

करंजीवाली

फार सुंदर लिहिलंयस गं. त्या खेचरवाल्या काकांचं भार बांधणं अगदी डोळ्यांसमोर आलं. फोटो टाक ना.

आमच्या घरी सगळे शाकाहारी, अंडंही नाही. ग्रीक बेटावर ऑक्टोपस सोडून काही मिळतं का?

सांजवारा

धन्यवाद करंजीवाली! फोटो उद्या टाकते.

भरपूर मिळतं. फावा म्हणजे पिवळ्या डाळीचं घट्ट वरण, वर कांदा आणि ऑलिव्ह तेल. यिगांतेस म्हणजे मोठे पांढरे घेवडे, टोमॅटोत भाजलेले. बामियेस म्हणजे चक्क भेंडी. येमिस्ता, म्हणजे भात भरलेले टोमॅटो आणि ढोबळी मिरची. यात काही ठिकाणी खिमा असतो, विचारून घ्या. पालकाचा ‘पाय’ (pie), म्हणजे स्पानाकोपिता, सगळीकडे मिळतो, पण त्यात बरेचदा अंडं असतं, तेही विचारून घ्या. अजून एक, ‘निस्तीसिमो’ असं विचारायचं. त्यांच्या उपासाच्या दिवसांत मांस, अंडी, दूध वर्ज्य असतं, त्यामुळे स्वयंपाकघरातल्या माणसाला नेमकं कळतं. फक्त त्यात कधीकधी कालवं-कोळंबी चालतात, तेवढं बोलून घ्यायचं. आणि अमिग्दलोता घेतल्याशिवाय परतू नका. ही हायड्राची बदामाची मिठाई, पिठीसाखरेत घोळवलेली.

खलाशीबुवा

लेख आवडला, पण बेटाचा इतिहास राहून गेला म्हणून थोडी भर घालतो. मी तीस वर्षं व्यापारी जहाजांवर काढली, त्यामुळे हायड्राबद्दल मला विशेष आदर आहे.

या बेटावर शेती नाही, पाण्याचा जवळजवळ पत्ता नाही. जी माणसं मुख्य भूमीवरून इथे आली, त्यात आर्वानाइट म्हणजे अल्बेनियन बोलीभाषा बोलणारे बरेच होते, त्यांना समुद्राशिवाय मार्ग नव्हता. अठराव्या शतकात त्यांनी जहाजं बांधली. नेपोलियनच्या युद्धांत ब्रिटिश आरमाराने बंदरांची नाकेबंदी केली, तेव्हा हायड्राचे कप्तान ती चुकवून धान्य पोचवायचे. जोखीम मोठी, नफा त्याहून मोठा. बंदराभोवती जे करड्या दगडांचे चौसोपी वाटावेत असे वाडे दिसतात, ते या पैशांतून उभे राहिले.

१८२१ साली ग्रीक स्वातंत्र्ययुद्ध सुरू झालं तेव्हा याच व्यापारी जहाजांवर जास्तीच्या तोफा चढवल्या आणि शंभराहून अधिक जहाजं ऑटोमन (तुर्की) आरमाराविरुद्ध उतरवली. आंद्रेआस मियाउलिस हे त्यांचे नौदलप्रमुख. ऑटोमनांच्या मोठ्या युद्धनौकांपुढे यांची जहाजं लहान, म्हणून जळत्या नौका शत्रूच्या अंगावर सोडायचं तंत्र वापरलं. दरवर्षी जूनच्या अखेरीस मियाउलिया नावाचा उत्सव होतो, त्यात बंदरात जहाजाची प्रतिकृती पेटवतात. लाझारोस कुंतुरियोतिस या धनाढ्य जहाजमालकाने आपली संपत्ती या युद्धात ओतली. त्यांचा पिवळसर वाडा पश्चिमेच्या टेकडीवर आहे, आता संग्रहालय आहे. ताई, तो पाहिलात की नाही?

पुढे वाफेची जहाजं आली आणि शिडाच्या जहाजांचं हे गाव मागे पडलं. मग समुद्रात बुडी मारून स्पंज काढणाऱ्या माणसांच्या कमाईवर गावाने बरीच वर्षं काढली. मला वाटतं गाव आज इतकं जसंच्या तसं राहिलंय ते यामुळेच. ज्या काळात बाकीकडे जुनं पाडून नवं बांधलं, त्या काळात इथल्या लोकांकडे पाडायला आणि बांधायलाही पैसा नव्हता. नंतर कायद्याने जपलं.

सांजवारा

खलाशीबुवा, ही माहिती मूळ लेखात असायला हवी होती इतकी मोलाची आहे. हो, वाडा पाहिला. चढण बरीच आहे पण वरून अख्खं बंदर दिसतं. जुन्या घरांखाली पावसाचं पाणी साठवायचे हौद असतात, हे मला तिथेच कळलं. पूर्वी पाणी बोटीने आणायचे, आता समुद्राचं पाणी गोडं करायचा प्रकल्प आहे.

दस्तुरी_नाका

मी नेरळचा. बिनगाड्यांचं गाव म्हटल्यावर माथेरानबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आपल्याकडेही वाहनबंदी आहे. गाड्या दस्तुरीला थांबतात, २००३ साली केंद्राने माथेरानला पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र जाहीर केलं. वर वर्षानुवर्षं घोडे, हातरिक्षा आणि हमाल. गॅसच्या टाकीपासून हॉटेलच्या भाजीपर्यंत सगळं घोड्यावर नाहीतर माणसाच्या डोक्यावर. पर्यटक म्हणतात काय सुंदर, काय शुद्ध हवा. ती हवा शुद्ध ठेवायला कुणाचा घाम जातो हे बघायला हवं. माणसाने माणसाला ओढणं मला लहानपणापासून खुपत आलंय. डिसेंबर २०२२मध्ये ई-रिक्षा चाचणीसाठी आल्या, तेव्हा शाळेत जाणाऱ्या पोरांची आणि म्हाताऱ्यांची किती सोय झाली ते मी पाहिलंय. ऑगस्ट २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितल्या, त्याचा मला मनापासून आनंद झाला. घोडेवाल्यांचं म्हणणं वेगळं आहे, तेही ऐकायला पाहिजे. पेव्हर ब्लॉकवर घोडा घसरतो, मातीच्या वाटेवर नाही, ही त्यांची तक्रार खरी आहे.

म्हणून विचारतो: हायड्रामध्ये खेचरांची अवस्था कशी होती? आणि आजारी माणसाचं काय करतात?

सांजवारा

हा प्रश्न कुणी विचारावा असं मला वाटतच होतं.

मी पाहिलेली खेचरं धडधाकट होती, पाठीवर जखमा दिसल्या नाहीत, सावलीत पाण्याची सोय होती. पण मी एक-दोन दिवसांची पाहुणी, माझ्या पाहण्यावरून सगळं ठरवू नका. ग्रीसमध्ये २०१८ साली सरकारने नियम केला की गाढवावर किंवा खेचरावर शंभर किलोपेक्षा किंवा त्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त भार टाकायचा नाही. तेव्हा जास्त ओरड सँटोरिनीच्या पायऱ्यांवरून माणसं वाहणाऱ्या गाढवांबद्दल होती. माझं मत असं: मजेसाठी खेचरावर बसू नये. जिथे ते बसवतात तिथवर धडधाकट माणूस पायी सहज जातो. सामान न्यायला खेचर किंवा हातगाडी घ्यावी, कारण त्यावर तिथली घरं चालतात. भाव आधी ठरवावा. आणि सामान कमी न्यावं, कारण शेवटी ते कुणाच्या तरी पाठीवरून जाणार आहे.

आजारी माणसासाठी लहान रुग्णवाहिका आणि छोटा दवाखाना आहे. पण मोठं दुखणं असेल तर समुद्रमार्गे किंवा हेलिकॉप्टरने मुख्य भूमीवर न्यावं लागतं. हातरिक्षांबद्दल तुम्ही लिहिलंत ते शंभर टक्के पटलं. वाहनबंदी चांगली, पण तिचा भार दुबळ्यांवर पडता कामा नये.

उंबरठा_

यात एक मुद्दा जोडते. रस्ते नसण्याची किंमत आग लागली की कळते. जून २०२४मध्ये हायड्राच्या पाइनच्या जंगलाला आग लागली होती. एका नौकेवरून उडवलेल्या फटाक्यांमुळे ती लागली असं ग्रीक अग्निशमन दलाने सांगितलं, आणि तेरा जणांना अटक झाली होती. तिथवर रस्ताच नसल्यामुळे जवानांना समुद्राकडून जावं लागलं. बातमी वाचून वाईट वाटलं होतं. बेटावरच्या माणसांनी एवढ्या कष्टाने काही जपायचं आणि दोन घटकांसाठी आलेल्यांनी असं करायचं.

सांजवारा

हो, डोंगरावर झाडी आधीच विरळ, त्यात हे. उन्हाळ्यात डोंगरवाटांवर जाणाऱ्यांनी काडेपेटी, सिगारेट खिशातसुद्धा ठेवू नये.

नवखी_भटकी

ताई, मी पहिल्यांदाच एकटी परदेशी जाणार आहे, आई-बाबांना अजून पटलेलं नाही. दोन गोष्टी विचारायच्या आहेत. रात्री एकटीने फिरायला कसं वाटलं? आणि एकटीने जेवायला बसताना अवघडल्यासारखं होत नाही का? मला त्याचंच जास्त टेन्शन आहे.

शिवाय कॅनेडियन कवी-गायक लेनर्ड कोहेनचं घर तिथे आहे ना? मला बघायचंय.

सांजवारा

नवखी, आधी आई-बाबांचं. त्यांना हा धागा वाचायला दे, आणि बोटीची वेळ, राहायच्या जागेचा फोन लिहून दे. काळजी माहिती नसल्यामुळे वाढते.

रात्री मला अजिबात भीती वाटली नाही. अकरा वाजताही बंदरावर लहान मुलं असतात. वरच्या गल्ल्या मात्र एकसारख्या दिसतात, वाट चुकायला होतं. त्यावर सोपा उपाय म्हणजे उतार धरायचा. खाली जाणारी बहुतेक वाट बंदरावरच आणून सोडते. नेहमीची सावधगिरी इथेही बाळगायची. खडकावरून एकटीने पोहायला जायचं नाही, आजूबाजूला माणसं असतील तेव्हाच उतरायचं. हे मी कळकळीने सांगतेय.

जेवणाचं सांगायचं तर समुद्राकडे तोंड करून बस. दुपारच्या गर्दीत एकट्या माणसाला पुढचं टेबल द्यायला काही ठिकाणी खळखळ करतात, संध्याकाळी साडेसातला गेलीस तर सगळं रिकामं असतं, कारण ग्रीक लोक नऊनंतर जेवतात. अर्धी प्लेट मिळेल का विचारायचं, बरेचदा देतात. पाव मागितला नाही तरी टेबलावर येतो आणि त्याचे पैसे लागतात, ती तिथली रीत आहे. आणि वाढणाऱ्याशी दोन शब्द बोल. कालिमेरा (सुप्रभात), एफखारिस्तो (धन्यवाद) एवढ्यावर चेहरे खुलतात. मला मालकीणबाईंनी आग्रहाने द्राक्षं आणून दिली, बिलात लावली नाहीत.

कोहेन यांनी १९६० साली पंधराशे डॉलरला घर घेतलं होतं. ते अजून घरच आहे, संग्रहालय नाही. बाहेरून पाहून पुढे जावं, दार वाजवू नये. त्यापेक्षा कामिनीच्या वाटेवर त्यांच्या स्मरणार्थ दगडी बाक आहे, तिथे हवा तेवढा वेळ बस.

खलाशीबुवा

नवखी, बाळ, एक खलाशाचा सल्ला. परतीचं विमान ज्या दिवशी असेल त्याच दिवशी बेटावरून निघू नकोस. वारा वाढला की वेगवान बोटी रद्द होतात, आणि ग्रीसमध्ये बोटींचे संपही होतात. आदली रात्र अथेन्समध्येच काढायची.

दस्तुरी_नाका

+१. आणि सांजवारा ताई, उत्तर मनापासून दिलंत, आभार. भार बांधणाऱ्या काकांचं वाचून आमच्या आळीतले घोडेवाले आठवले, तेही असंच तीनतीनदा सोडून बांधायचे.

करंजीवाली

एकटीने जायचं माझं काही जमणार नाही, पण सासूबाईंना न्यायची फार इच्छा आहे. त्यांचे गुडघे दुखतात, शंभरेक पावलं झाली की बसावं लागतं. नेऊ की नको? आणि कुठला महिना?

सांजवारा

न्या की! फक्त जागा नीट निवडा. खोली धक्क्यालगत सपाटीवरची घ्या आणि बुक करण्याआधी ‘बंदरापासून किती पायऱ्या’ असं स्पष्ट लिहून विचारा. नुसतं ‘किती मिनिटं’ विचारू नका, कारण पाच मिनिटांत साठ पायऱ्या असू शकतात. धक्का पूर्ण सपाट आहे, दर दहा पावलांवर बसायला खुर्ची आहे. मठाचं अंगण, धक्क्यावरचं ऐतिहासिक दस्तऐवजांचं संग्रहालय आणि वॉटर टॅक्सीने कामिनी, एवढं त्यांना सहज जमेल. होडीत चढता-उतरताना नावाड्याला आधी सांगा, हात धरून घेतात. डोंगरावरचा प्रोफितिस इलियासचा मठ त्यांच्यासाठी नाही, तिथवर तासाभराची खडी चढण आहे.

मे किंवा सप्टेंबर. जुलै-ऑगस्टमध्ये दगड तापतात आणि खोल्यांचे भाव चढतात. नोव्हेंबरपासून बरीच हॉटेलं बंद होतात. सप्टेंबरात समुद्र अजून कोमट असतो, सासूबाईंना पाय तरी बुडवता येतील.